सोड्याचं पाणी

माझं करपलेलं दुधाचं पातेलं ह्यांच्या मोबाईलमधून बोलायला लागलं तेव्हा मी मटार सोलत बसले होते. सोमवारची सकाळ, साडेनऊचा सुमार. हे गॅलरीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि मोबाईल कानाला न लावता पोटावर ठेवला होता, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जावं. आवाज गीतांजलीचा. "भगिनींनो, पातेलं करपलं की आपण लगेच घासायला घेतो. तारेची घासणी, नखं, सगळा जोर लावतो. पातेल्याला ओरखडे पडतात, हात दुखतो आणि काळं तसंच राहतं. त्यापेक्षा त्यात कडकडीत पाणी ओता, चमचाभर सोडा टाका आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी आपोआप सुटतं." इथे ती थांबली. ती नेहमी इथेच थांबते. "क्षमेचंही असंच असतं." माझ्या हातातली शेंग उघडी राहिली. त्यातला प्रत्येक शब्द माझा होता, चमचाभर सोडासुद्धा माझा. "ऐकलंस का गं विमल," हे आतल्या बाजूला मान वळवून म्हणाले, "काय गोड समजावलं पोरीनं. मी नगरला सगळ्यांना पाठवून दिलं." आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कितीही गोल गोल बोलले तरी मुळात गोष्ट एवढीच आहे. मी त्रेसष्ट वर्षांची, पनवेलच्या एका शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेली, नेरूळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांची विमलकाकू. आणि हेवा वाटतो तो चौतीस वर्षांच्या एका पोरीचा, जी दोन वर्षांपूर्वी कामोठ्याला राहायला आली, जिच्याकडे भांड्यांना बाई आहे, कपड्यांना मशीन आहे, इस्त्रीला खाली माणूस आहे, आणि जी रोज सकाळी भगिनी मंडळाच्या ग्रुपवर 'ओट्यापाशी' या नावाने दोन मिनिटांचं मनन टाकते, जे तिथून नवऱ्यांच्याही मोबाईलवर पोचतं. घरकामात प्रभूने क्षमा कुठे कुठे ठेवली आहे ते ती शोधून काढते. मेथी निवडताना सांगते, चार पानं पिवळी निघाली म्हणून जुडी टाकून देऊ नका. फ्रीज पुसताना सांगते, मागच्या कोपऱ्यातली बरणी आधी काढा, वास तिचाच असतो. दिवाणावरची चादर, मिक्सरचं झाकण, शिळी चपाती, तिला कशातही काहीतरी सापडतं. मी चाळीस वर्षं मेथी निवडते आहे, मला मेथीच सापडली. भगिनी मंडळाच्या बायका तिच्या मननाखाली जोडलेले हात टाकतात, फुलं टाकतात. मीही टाकते. न टाकणं दिसून येतं म्हणून टाकते. एकदा ती आजारी होती आणि दोन दिवस मनन आलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी तिच्यासाठी डबा करून कामोठ्याला नेऊन दिला. ती दारातच रडली. "तुम्ही आईसारख्या आहात काकू," म्हणाली. परत येताना रिक्षात मला स्वतःचाच वीट आला होता, तरी डब्याचं नाव मंडळीत निघावं असंही वाटत होतं. ते निघालं. तिनेच काढलं, मननात.

पातेल्याची गोष्ट मी तिला नाताळाच्या आदल्या रविवारी सांगितली होती. उपासना झाल्यावर हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात शंभर माणसांचा चहा होता आणि बोलण्याच्या नादात तिने दूध करपवलं. तिने घासणी उचलली, मी तिच्या हातातून घेतली आणि सोडा दाखवला. मग का कोण जाणे, पाणी उकळेपर्यंत मी बोलत राहिले. बहुतेक ती ऐकते चांगलं म्हणून. मी तिला सांगितलं की मला एक धाकटी बहीण होती, नगरला. आई तिच्याकडे होती. आई शेवटची आजारी पडली तेव्हा माझ्या शाळेत वार्षिक परीक्षा होत्या आणि बहिणीने मला कळवलं नाही. आईच नको म्हणाली, तिला त्रास देऊ नको म्हणाली, असं बहीण म्हणते. मी पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. मातीवर फुलं टाकलेली होती आणि ती फुलंही सुकायला लागली होती. मी घरात पाऊलसुद्धा न ठेवता त्याच एस्टीने परत फिरले. पुढची अकरा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. तिची तीन पत्रं आली, ती मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. लोकांना मात्र सांगायचे, माझं तिच्याबद्दल काही नाही, मी प्रभूवर सोडून दिलंय. मग ती गेली त्याच्या दोन दिवस आधी मी तिच्या खाटेपाशी उभी राहिले आणि म्हटलं, मी तुला क्षमा केली. तिला ऐकू येत नव्हतं. डोळे उघडे होते पण ते भिंतीवर होते. "म्हणून सांगते," मी त्या दिवशी गीतांजलीला म्हटलं होतं, "भिजत घातलंय, भिजत घातलंय म्हणून मी अकरा वर्षं कोरडंच पातेलं बाजूला ठेवलं होतं." तिने माझा ओला हात धरला होता. आणि आता दोन महिन्यांनी तिने माझं पातेलं उचललं, त्यातून माझी बहीण काढून टाकली, आणि ते घासूनपुसून लखलखीत करून सगळ्यांना वाटलं. माझ्या तोंडून जे कडू निघालं होतं ते तिच्या तोंडून गोड झालं. राग कशाचा होता हे मला नीट सांगता येत नाही. तिने चोरलं याचा की तिला ते माझ्याहून चांगलं सांगता आलं याचा.

आणि हे सगळं सोमवारी. आदल्याच दिवशी, रविवारी, तिने माझं कापड नेलं होतं. नेलं म्हणजे तिला दिलं गेलं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. मेजावर पांढरं कापड, त्यावर भाकरीची थाळी आणि द्राक्षरसाच्या बोटभर पेल्यांचा ट्रे. ते कापड माझं. आई गेली त्या वर्षी मी ते विणायला घेतलं, चारही बाजूंनी वीतभर क्रोशाची किनार, आठ महिने लागले. बहिणीशी बोलायचं नाही म्हणून जो वेळ आणि जो जोर शिल्लक राहत होता तो सगळा त्या किनारीत आहे. तेव्हापासून एकोणीस वर्षं ते दर महिन्याला माझ्या घरी धुवायला येतं, कारण दर महिन्याला नामाकाका त्यावर रस सांडतात. नामाकाका आमच्या मंडळीतले सगळ्यांत जुने पंच, वय ब्याऐंशी, नावड्याहून येतात. ट्रे फिरवण्याचा मान त्यांचा. हात थरथरतो, पण ट्रे काढून घ्यायची कोणाची छाती नाही. लोकांना पेले देऊन ट्रे परत मेजावर टेकवताना एक-दोन पेले हटकून कलंडतात. या रविवारीही कलंडले. मी सवयीने पिशवी घेऊन पुढे गेले तर पाळकसाहेब हसून म्हणाले, "विमलकाकू, किती वर्षं तुम्हीच? आता जरा तरुण भगिनींनाही सेवा मिळू द्या. गीतांजली, नेशील ना?" ती म्हणाली, "नेईन की," आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू शिकवतील." मी माझीच पिशवी तिच्या हातात दिली. घरी येताना हे म्हणाले, बरं झालं, तुझं एक काम कमी झालं.

मटार अजून संपले नव्हते तेवढ्यात तिचा फोन आला. "सलाम काकू. बिझी आहात का?"

"मटार सोलतेय."

"एक विचारायचं होतं. ते कापड आहे ना, काल मी पिशवीतून काढायलाच विसरले. आता डाग सुकलाय. कसा काढू? मला जाम टेन्शन आलंय, तुमच्या हातची किनार आहे ती."

मला उत्तर पाठ होतं. द्राक्षाच्या डागाला आधी गार पाणी, मग लिंबू आणि मीठ, मग ऊन. डाग जाईपर्यंत साबण नाही, आणि सोडा तर नाहीच नाही. सोडा लागला की जांभळा डाग निळा होतो, पसरतो आणि धाग्यात बसतो. पहिल्या वर्षी मी स्वतः ही चूक केली होती आणि दोन महिने डागावर पुष्पगुच्छ ठेवून वेळ मारून नेली होती. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. गॅलरीत हे तिसऱ्यांदा तिचं मनन लावत होते, या वेळी शेजारच्या गॅलरीतल्या कोणाला तरी ऐकवायला. म्हणजे फोनमध्येही ती आणि गॅलरीतही तीच.

"सोड्यात टाक," मी म्हटलं. "कडकडीत पाणी आणि मूठभर सोडा. रात्रभर राहू दे, आपोआप सुटतं."

"पातेल्यासारखं?" ती हसली.

"पातेल्यासारखंच."

"थँक्यू काकू. तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं."

फोन ठेवला आणि मी उरलेले मटार सोलले.  खूप दिवसांनी जेवण चवीचं झालं, मटारच्या उसळीत ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. मंगळवारी सकाळी साडेसहाला मी ग्रुप उघडला, मनन नव्हतं. आठला उघडला, नव्हतं. बायका विचारत होत्या, गीतांजली, आज ओट्यापाशी नाही का? बुधवारीही नव्हतं. मला वाटत होतं तेवढा आनंद मात्र होत नव्हता. तो यायचा आणि घशाखाली उतरायचा नाही. घरात मी काहीही करायला घेतलं की ते उलटून माझ्याशीच बोलायला लागायचं. केर काढताना कोपऱ्यातला केर मी सोफ्याखाली सारला, रोज सारते, त्या दिवशी मला तो दिसला. ह्यांच्या शर्टाला इस्त्री करताना कॉलरची घडी एकदा चुकली, मी पाणी मारून पुन्हा केली तरी जुनी रेघ तिथेच. चाळीस वर्षांत ज्यांनी तोंड उघडलं नाही ती घरातली कामं आता एकदम साक्ष द्यायला उभी राहिली होती, आणि सगळ्यांची साक्ष माझ्याविरुद्ध. गीतांजलीला कामात क्षमा सापडते. मला माझी बहीण सापडत होती. बुधवारी दुपारी मी कपाटातल्या साड्या आवरायला काढल्या आणि तिची तीन पत्रं हाताला लागली. ती मी कधीच उघडली नव्हती. तेव्हाही नाही उघडली, पुन्हा ठेवून दिली. दिवसातून दहादा फोन हातात घ्यायचे, तिला सांगावं की अगं थांब, सोड्यात नको. पण सोमवारची रात्र केव्हाच उलटून गेली होती. आता सांगण्यात काही अर्थ नाही असं म्हणायला मला बरं पडत होतं.

गुरुवारी मनन आलं. मी ते संडासात जाऊन ऐकलं, दार लावून. तिचा आवाज बसलेला होता. "भगिनींनो, दोन दिवस बोलले नाही कारण बोलायला तोंड नव्हतं. प्रभुभोजनाचं कापड धुवायची सेवा माझ्याकडे आली आणि मी ते खराब केलं. डाग काढायला गेले तर निळा झाला, किनारीपर्यंत गेला. चूक माझी आहे. विमलकाकूंनी मला नीट समजावलं होतं, मीच कुठेतरी चुकले. त्यांची एकोणीस वर्षांची मेहनत आहे. काकू, मला क्षमा करा. तुमच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटते." एवढंच. या वेळी ती कुठेही थांबली नाही. खाली बायकांची रांग, अगं रडू नकोस, कापडच ते, किती नम्र आहेस, तुझ्या या बोलण्यातूनच आम्हाला शिकायला मिळालं. म्हणजे माझ्या खोटेपणातूनही तिलाच फुलं मिळाली.  आणि मी काय केलं, तर जोडलेले हात टाकले. बाहेर आले तर ह्यांचे डोळे ओले. "मोठ्या मनाची पोर आहे," म्हणाले. "तू लगेच फोन कर तिला. म्हणावं, काही वाटून घेऊ नको." मी म्हटलं, करते, आणि कणीक मळायला घेतली.

शुक्रवारी अकरा वाजता ती स्वतःच आली. हे बँकेत गेले होते. कामोठ्याहून दोन रिक्षा बदलून आली होती, हातात माझीच पिशवी. मी चहा ठेवला. तिने कापड काढून जेवणाच्या टेबलावर पसरलं. बशीएवढा डाग, राखाडी-निळा, आणि त्याचं पाणी ओघळून किनारीच्या दोन पाकळ्यांत शिरलेलं. मी कल्पनेत तो जितका पाहिला होता त्याहून लहान होता. पण त्या दोन पाकळ्या कुठल्या आठवड्यात विणल्या तेही मला आठवत होतं.

"काकू, मी नेटवर बघितलं," ती म्हणाली. "द्राक्षाच्या डागाला सोडा चालतच नाही. निळा होतो."

"हो."

"तुम्ही विसरला असाल. इतकी वर्षं झाली, होतं असं. म्हणून मी ग्रुपवर माझंच नाव घेतलं. तुमचं कशाला उगाच."

म्हणजे तिला माहीत होतं. चूक कुठून आली हे माहीत असून तिने ती स्वतःच्या पदरात घेतली होती, आणि वर मला बाहेर पडायला दारही उघडून ठेवलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, हो गं बाई, वय झालं. सगळं तिथे संपलं असतं. मी मोठी राहिले असते, ती चांगली राहिली असती, आणि पुढच्या महिन्यात कापडही माझ्याकडे परत आलं असतं. त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कोणाचा वाटला नाही. इतकं सहज कसं करता येतं एखाद्याला? मी तिच्याहून दहा-वीस वर्षांनी मोठी असताना एक पत्र उघडू शकले नाही.

"विसरले नव्हते," मी म्हटलं. "मला माहीत होतं. मुद्दाम सांगितलं."

ती आधी हसली. मग तिला कळलं की मी हसत नाहीये. "का?"

"माझं पातेलं घेतलंस तू. माझ्याच तोंडचं सगळ्यांना ऐकवलंस आणि सुमित्राला टाकून दिलंस."

"कोण सुमित्रा?"

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात बहिणीचं नावच घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं. अकरा वर्षं घ्यायचं नाही असं ठरवलेलं, आणि नंतरची आठ वर्षं जीभ वळली नाही. "माझी बहीण," मी म्हटलं.

गीतांजलीने डागावरून बोट फिरवलं. "काकू, मी तुमची बहीण मुद्दाम नव्हती घेतली. ते तुमचं होतं ना. चारचौघांत सांगितलं असतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं? म्हणून मी फक्त पातेलं घेतलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, ते चुकलं माझं." मग तिचा आवाज बदलला. "पण मी तीन दिवस नीट जेवले नाही. घरात भांडणं झाली. मला वाटलं, मोठमोठं बोलते आणि साधं एक कापड धुता येत नाही. तुम्हाला कळत होतं ना हे सगळं?"

"हो."

"आणि तुम्ही खाली जोडलेले हात टाकलेत."

"हो." मी ओट्याला धरून उभी होते. "माझं चुकलं, गीतांजली. हेव्यापोटी केलं. मला क्षमा कर." क्षमा हा शब्द ऐकू येणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच म्हणत होते.

ती उठली. ओढणी सारखी केली, पर्स खांद्याला लावली. तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता, मननातला गोडवा त्यावर नावालाही नव्हता. "मला आत्ता नाही जमणार काकू," ती म्हणाली. "रोज सगळ्यांना सांगते, माहितीये मला. पण नाही जमत आहे. सॉरी." आणि गेली. चहावर साय धरली होती. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला तरी मी तिथेच उभी होते. तिने नाही म्हटलं, किती सरळ म्हटलं. मी अकरा वर्षं माझं काही नाही, माझं काही नाही करत फिरले, आणि या पोरीने एका वाक्यात खरं सांगून टाकलं. हेवा तिथेही वाटलाच. पण तो वेगळा होता, त्यात दात नव्हते.

कापड टेबलावर राहिलं होतं. मी दोन लिंबं चिरली आणि एक फोड डागावर पिळली. निळा रंग माझ्या डोळ्यांदेखत हलला आणि लाल झाला, ताज्या रसासारखा. डाग गेला नव्हता, मूळ रंगावर आला होता. मी मीठ चोळलं, गॅलरीत उन्हात वाळत घातलं, दुपारभर दर तासाला लिंबू पिळलं. हे बँकेतून आले आणि कापड बघून थबकले. मी त्यांना सगळं सांगितलं, फोनपासून चहापर्यंत. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत घातले. "सुमित्राची तीनही पत्रं मीच आणून दिली होती तुला पोस्टमनकडून," ते म्हणाले. "एकदाही तुला म्हटलं नाही, वाच म्हणून. भांडण नको म्हणून. माझंही चुकलंच." मग ते आत गेले. त्या संध्याकाळी मी साड्यांखालून पत्रं काढली. तिन्ही जवळजवळ सारखीच होती, पहिल्या पत्रात जे होतं तेच तिसऱ्यात, अक्षर फक्त वाकडं होत गेलेलं. ताई, आईने तुझं नाव घेतलं होतं शेवटी. मी कळवायला हवं होतं. तू ये एकदा, मला सगळं सांगायचं आहे. तिन्ही वाचून झाल्यावर मी पोळ्या केल्या.

गीतांजलीचं मनन त्यानंतर आलं नाही. बायकांना वाटलं, कापडाचं मनाला लावून घेतलं. मी ग्रुपवर लिहायला घेतलं, चूक तिची नव्हती, सोडा मी सांगितला होता, मुद्दाम. लिहून तासभर बघत बसले आणि पाठवून दिलं. खाली कोणीच काही टाकलं नाही, हातही नाहीत, फुलंही नाहीत. दोन दिवसांनी पाळकसाहेबांचा फोन आला, ते बरंच बोलले, शेवटी म्हणाले, कापड तुम्हीच घेऊन या.

पहिला रविवार आला. कापड मेजावर होतं, डागाच्या जागी फिकट गुलाबी सावली, जवळून पाहिलं तरच दिसेल अशी. माझ्या बाकावर माझ्या शेजारी ह्यांच्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. गीतांजली पलीकडच्या ओळीत, तिसऱ्या बाकावर. पाळकसाहेबांनी नेहमीचं सांगितलं, ज्याच्या मनात कोणाविषयी गाठ असेल त्याने आधी ती सोडवावी आणि मग या मेजाकडे यावं. हे मी दर महिन्याला ऐकत आले होते, आणि त्या अकरा वर्षांत दर महिन्याला हात पुढे करून पेला उचलत आले होते. एकदाही चुकवला नव्हता. नामाकाका ट्रे घेऊन आले, पेले एकमेकांवर किणकिणत होते. ह्यांनी घेतला. ट्रे माझ्यासमोर आला आणि मी हात मांडीवरच ठेवले.

"घे ना पोरी," नामाकाका हळूच म्हणाले.

"नको काका. आज नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली आणि पुढे गेले. अख्ख्या हॉलने पाहिलं. कान तापले माझे. ट्रे पलीकडच्या ओळीत गेला, पहिला बाक, दुसरा, तिसरा. मी बघणार नव्हते तरी बघितलं. गीतांजलीने हात जोडून घेतले होते. ट्रे तिच्यासमोर थांबला, थरथरला, आणि तिने मान नाही म्हणून हलवली. तिचा नवरा तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं की मी नाही घेतलं तर निदान तेवढं तरी माझ्या एकटीचं असेल. तेही नव्हतं. मला हसू आलं, आणि हसू आवरताना डोळे भरले.

शेवटचं गीत सुरू झालं आणि सगळे उठून उभे राहिले. नामाकाका ट्रे मेजावर टेकवत होते. आधी कोपरा टेकला, मग हात सुटला, आणि दोन भरलेले पेले, आमच्या दोघींचे राहिलेले, पांढऱ्या कापडावर कलंडले. जुन्या सावलीच्या शेजारीच. मी बाकातून बाहेर पडले. पलीकडून तीही बाहेर पडली होती. नामाकाकांनी ट्रे बाजूला घेतला, मी कापड उचललं, आणि आम्ही एकमेकींकडे न बघता मागच्या स्वयंपाकघरात गेलो. बाहेर गीताचं तिसरं कडवं चाललं होतं. सिंकपाशी मी कापड धरून उभी राहिले. तिने बाह्या वर सरकवल्या, कोपऱ्यातलं घमेलं घेतलं, नळावर हात ठेवला आणि थांबली.

"गार पाणी ना?" तिने विचारलं. पहिल्यांदा माझ्याकडे बघून.

"गार," मी म्हटलं. "आणि लगेच."

तिने नळ सोडला.